लेबल न कापलेली टोपी

प्रिय टार्व्हर कोच,

तुम्ही अजून त्याच विद्यापीठात नोकरीला आहात, म्हणून हे पत्र मी टपालात टाकणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मिसिसिपीतल्या आमच्या घरी आलात, माझ्या लेकाला, डिमॅरियसला, फुटबॉलची शिष्यवृत्ती देऊ करायला. तुमच्या संघाची टोपी मी आधीच आणून ठेवली होती. कॉलेजच्या करारावर सही करायच्या दिवशी पोरं निवडलेल्या संघाची टोपी अख्ख्या शाळेसमोर घालतात ना! तुम्ही तोंडभर स्तुती केलीत, माझा पीच कॉब्लर दोनदा वाढून घेतलात. पोरगा हवेत. शिष्यवृत्ती देऊ केलेल्या दुसऱ्या, छोट्या कॉलेजला नकार कळवायला तो फोन आणायला उठला.

तुम्ही चमचा खाली ठेवलात. "व्हर्लीनताई, टोपीचं लेबल कापलंत?"

"नाही."

"कापू नका. ऑफर आहे, पण 'हो' म्हणण्याजोगी नाही. एका जागेसाठी अकरा पोरांना दिलीय."

"अकरा नवरदेव आणि नवरी एक? याला ऑफर म्हणता?"

"आमचे मुख्य कोच साहेब म्हणतात, ताई. मी नुसता घेऊन फिरतो."

डिमॅरियस छोट्या कॉलेजात गेला. दुसऱ्याच वर्षी त्याचा गुडघा गेला, तरी त्यांनी शिष्यवृत्ती काढून घेतली नाही. आता तो शाळेत रसायनशास्त्र शिकवतो.

त्या दिवशीचं तुमचं बोलणं साहेबांच्या कानावर गेलं असतं, तर तुमची नोकरी गेली असती. म्हणून तुमचे आभार मी आजवर चारचौघांत मानले नाहीत. टोपी मात्र दाराजवळच्या खुंटीवर आहे, लेबलासकट. येता-जाता तिलाच मान लववते.

तुमची ऋणी,
व्हर्लीन