वरवंडच्या छत्रीतून गेलेली हाक

मी, कोंडिबा भिमा कोकरे, वय एकाहत्तर, राहणार वरवंड, तालुका दौंड, जिल्हा पुणे, बुद्धी शाबूत आणि हात स्थिर असताना, कुणाच्या दमाला किंवा गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टर सुषमाबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझा मुलगा विक्रम गावभर सांगतो की आबांच्या डोक्यावर परिणाम झालाय. दाखला त्याच्यासाठीच घेतला.

१. राहते घर पत्नी मुक्ताबाई हिला, ती असेपर्यंत. तिच्यामागे विक्रमला. तिला कुणी 'जरा तिकडं सरका' एवढेसुद्धा म्हणायचे नाही.

२. केबलचा धंदा आणि दुकानाचा गाळा विक्रमला. आमच्या वायरी तोडणाऱ्या रविराजला त्याने भागीदार केल्यास गाळा माझी मुलगी मोनाली हिच्याकडे जाईल. मी ते विसरलेलो नाही, आणि मेल्यावरही विसरायचा विचार नाही.

३. शिवेवरचा माळ आणि त्यावरची केबलची जुनी मोठी छत्री मोनालीला. विक्रमला यातले मातीचे ढेकूळही नाही. कारण लिहितो, म्हणजे उद्या कोर्टात कुणी म्हातारा चळला म्हणायला नको.

मोनाली पुण्यात आकाशाचा अभ्यास करते. दुसऱ्या सूर्यांभोवती राहण्याजोगी जागा आहे का, तिथे कुणी आहे का, हे शोधणे तिचे काम. गेल्या वर्षी जेवताना ती सांगत होती की अशा जागा सापडतायत, काहींवर पाणीही असेल, पण किती वर्षे कान लावून बसलो तरी सगळीकडे चिडीचूप. मी विचारले, "चिडीचूप म्हंजी कुणीच न्हाई, का कुणी बोलंना?"

ती म्हणाली, "आबा, तेच तर कळत न्हाई."

मला कळले. माझे वडील मेंढरे राखत. इनामगावच्या बाजूला, घोड नदीच्या काठाने आमचे तळ पडत. लांडग्यांचा माग दिसला की मेंढरांच्या घंटांत चिंध्या कोंबायच्या, चुलीवर राख ओढायची. पोरांना खऱ्या नावाने हाक मारायची नाही, सगळी पोरे ठक्या नाहीतर ठकी. बाहेरून कुणी ओळखीच्या आवाजात नाव घेतले तरी तोंड दिसेपर्यंत ओ द्यायची नाही; वडील म्हणत, ऐकलेली हाक उचलून त्याच आवाजात परत मारणारेही माळावर असते. माळावर तळांची गर्दी असायची, आणि वाटसरूला वाटे, इथे चिटपाखरू नाही. एकदा लांबून नवीन कुटुंब आले. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. दिवस मावळताना ती बाई पोराला नाव घेऊन मोठमोठ्याने बोलवत होती. आम्ही सगळ्यांनी ऐकले. सकाळी त्यांच्या तळावर काय पाहिले ते या कागदात लिहीत नाही.

४. विक्रमने केले ते असे. स्वतःच्या वाढदिवसाला त्याने चौकात भला मोठा फ्लेक्स लावला, 'थेट अवकाशात शुभेच्छा'. पुण्याहून भाड्याने यंत्र आणून माझ्या छत्रीला जोडले आणि मोनालीने जेवताना नाव घेतलेल्या ताऱ्याकडे तोंड करून निरोप सोडला. निरोपात स्वतःचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, वर मोबाइल नंबर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता निवडणुकीला याहून ताकदीचे यंत्र आणणार म्हणतो.

मोनालीला विचारले. ती म्हणाली, एवढ्या लांब ते बहुतेक पोचणारच नाही. पोचलेच तर जायला बारा वर्षे, उत्तर यायला तेवढीच. बहुतेक! बहुतेकच्या भरवशावर कुणी लेकरू ठेवते का?

म्हणून माझ्या तेराव्याच्या आत छत्री कापून भंगारात घालावी. खांबही उपटावा. हे काम माझे मित्र हनुमंत शिंगाडे यांनी उभे राहून करून घ्यावे. विक्रम आडवा आला तर कलम एक आणि दोनमधला त्याचा वाटाही मोनालीला जाईल.

५. शेवटचे, आणि मला सगळ्यांत जड जाणारे. निरोपाच्या शेवटी विक्रमने आपली संस्कृती म्हणून माझा आवाज जोडला होता. मी शेतातून नातीला जेवायला बोलवत होतो, त्याने ते गुपचूप मोबाइलवर घेतले होते. त्या हाकेत तिचे नाव आहे. माझ्याच तोंडून गेले, याने माझा जीव रोज तुटतो.

ती विक्रमची एकुलती मुलगी, आज सात वर्षांची. तिला मी माझ्या आईचे तानुबाई हे नाव देतो. दुसरे काही देण्यासारखे माझ्याकडे उरलेले नाही. शाळेतले नावही बदलून घ्यावे. जुने नाव मी इथे लिहिलेले नाही, वकिलांनी तीनदा मागितले तरी.

तानू, तू हे वाचशील तेव्हा मोठी झालेली असशील. पुढे कधी, तिशी ओलांडल्यावर, माळाकडून तुला जुन्या नावाने कुणी जेवायला बोलावले, तर ओ देऊ नकोस. आवाज माझा असेल. मी नसेन.

वरील मजकूर कोंडिबा कोकरे यांनी आमच्यासमोर वाचून, समजून सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही सह्या केल्या.

लिहून देणार : कोंडिबा भिमा कोकरे (सही)
साक्षीदार : १. शंकरराव बिडगर, वरवंड (सही)
२. सविता हनुमंत शिंगाडे, भांडगाव (सही)

स्थळ : वरवंड
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५