नानांच्या हातचं ॲव्हरेज

शनि., ४ जाने.
नाना लातूरहून संध्याकाळी परत. दर पंधरवड्याची फेरी, आक्कांकडे. त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. वय अठ्ठ्याहत्तर, गाडी स्वतःच चालवणार. नांदेडात शिरताच नेहमीच्या पंपावर टाकी फुल्ल, भागाकार तिथंच. घरात आले ते असं तोंड करून, की मी विचारलं, "आक्का बऱ्या आहेत ना?"
"ती बरी हाय. गाडी लिटरला बारा देऊन राहिली."
नऊ वर्षं नानांच्या हातात अठराच्या खाली आली नाही. कंपनी बावीस म्हणते. ते स्थळ आणताना मुलाचा पगार सांगतात त्यातलं. पण अठरा म्हणजे नानांची अब्रू.

सोम., ६ जाने.
रविवारच्या विनोदी सदराला विषय मिळाला. 'आमचे तीर्थरूप व त्यांचं ॲव्हरेज'. पाऊण तासात लिहून मोकळा. 'तीर्थरूपांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं' हे वाक्य झकास जमलं.

रवि., १२ जाने.
छापून आलं. चार-पाच फोन, सगळे खूष. नानांनी ओट्यावर बसून दोनदा वाचलं. घडी घातली. "चांगलं लिहिलंस." बस्स. हसले नाहीत. म्हटलं, म्हातारे रुसले.

शनि., १८ जाने.
आठवडाभर उपाय. चाकांत हवा कमी होती, भरली. एअर फिल्टरमध्ये वाटेतल्या लोहा गावच्या रस्त्याची निम्मी धूळ, बदलला. एसी बंद ठेवा म्हणालो, तर थंडीत कोण लावतो. निघताना डिकीतलं ज्वारीचं पोतं उतरवलं, तेवढंच वजन कमी. नानांनी बघितलं.
"भाऊ बहिणीच्या दारात हात हलवत जातो का रे?"
पोतं परत चढलं.
संध्याकाळी: सव्वाअकरा. जेवले नाहीत नीट. "हात गेला माझा," म्हणाले.

बुध., २२ जाने.
गॅरेजवाल्या रफिकभाईंना शेजारी बसवून लोह्यापर्यंत जाऊन आलो. मी चालवली. टाकी टू टाकी सतरा. रफिकभाई म्हणाले, "गाडी में कुछ नै साब. नाना के बाजू में बैठ के देखो एक दफा."
मी वर ऐट केली. सतरा! बापापेक्षा पावणेसहा जास्त. घरी येऊन बायकोला, सुधाला, सांगितलंसुद्धा.

शनि., १ फेब्रु.
लातूरला काम आहे असं खोटं सांगून नानांसोबत निघालो.
लोहा मागे पडलं. रस्ता मोकळा, काटा पासष्टवर, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. इंजिन नुसतं किंचाळतंय. "नाना, गिअर बदला." समोर बघतायत, चेहरा शांत. परत म्हणालो. मग ओरडलो. मागचा ट्रक केव्हाचा हॉर्न मारतोय, त्यालाही बाजू देत नाहीत.
शेवटी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली, बोटांनी 'पाच' दाखवले. टाकला पाचवा. इंजिन निवलं. आणि नाना घाबरले. गाडी बाजूला घेतली, तळवा स्टिअरिंगवर दाबून धरला.
"बंद पडली का रे?"
चालू होती.
कानाशी तोंड नेऊन विचारलं, कधीपासून. "उजवा कधीचाच न्हाई. डावा दसऱ्यापासून कमी कमी, डिसेंबरात गेलाच." मग: "तिसऱ्यात हाताला कळतं, इंजिन चालू हाय. पाचव्यात काहीच कळत न्हाई."
पुढं मी चालवली. माझं ते 'सोयीचं तेवढंच ऐकू येतं' त्यांनी दोनदा का वाचलं, ते अहमदपूरच्या आसपास कळलं.

आक्कांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, वाचा गेली. हे मला माहीत होतं. माहीत असणं निराळं. नाना खाटेशेजारी बसले, पेरू कापून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होते. एक कडक निघाली, आक्कांनी ती नानांच्याच तोंडात कोंबली. दोघं हसली, बिनआवाजी. दोन तास असेच गेले. त्या खोलीत बहिरं कोणी नव्हतं. बडबडणारा मी एकटाच.

गुरु., ६ फेब्रु.
कानाचे डॉक्टर. मशीननं थोडाफार फरक पडेल, खात्री नाही. "आणि ड्रायव्हिंग?" मी विचारलं. "एकट्यानं नको," ते मला म्हणाले, नानांना नाही.
या आठवड्यात सदर दिलं नाही. मला ताप आलाय, असं संपादकांना खोटंच कळवलं.

रवि., ९ फेब्रु.
पाटीवर लिहून दाखवलं: दर वेळी मी नेईन. एकट्यानं जायचं नाही.
वाचलं. "नेशील रे. पण तू नेलंस की मी पाव्हणा. तू घड्याळ बघणार, मी उठणार."
सुधा म्हणाली, "किल्ली काढून घ्या. रस्त्यावर लोकांची लेकरं असतात." खरं आहे. नाना म्हणतात तेही खरं आहे. दोन खऱ्यांवर विनोदी लिहिता येत नाही.

शनि., १५ फेब्रु.
सकाळचे सात. किल्ली कालपासून माझ्या खिशात. नाना इस्त्रीचा सदरा घालून गाडीपाशी उभे आहेत, ड्रायव्हरच्या दाराशी. मागत नाहीत. इकडे बघतही नाहीत. इथून हाक मारून उपयोग नाही, जवळच जावं लागेल.
जवळ गेल्यावर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.