मीनलसाठी रोज एक फोटो

४ नोव्हेंबर
पुण्याहून लेकीचा फोन. फर्मान: रोज एक फोटो काढायचा, मोबाइलवरच. एका वस्तूसमोर थांबायचं, श्वास घ्यायचा, नीट बघायचं, मग काढायचा. ह्याला माइंडफुलनेस म्हणतात म्हणे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ह्यालाच 'फिंगर ऑन द लिप्स' म्हणायच्या. फुकट.
अट अशी: महिनाभर रोज फोटो आला तर मी इथे कोल्हापुरात एकटी राहू शकते. नाही तर फ्लॅटला कुलूप, मुक्काम मीनलकडे. माधव गेल्यापासून मी दगड झालेय म्हणे. झालेय. दगड निदान आपल्या जागी तरी असतो.

५ नोव्हें.
ओट्यावरचा अर्धा सोललेला दोडका. समोर उभी राहिले. श्वास. तेवढ्यात खालून उसाची ट्रॉली, तिच्यावर कर्णा, त्यात गाणं. मग गॅसवाला. मग बँकेचा मेसेज. फोटो हलला. तसाच पाठवला. मोबाइलवर मीनलचा लाल बदाम आला.

८ नोव्हें.
संध्याकाळी दूध-कट्ट्यावर. माधव रोज इथे उभ्या उभ्या म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचा. ग्लासातला फेस टिपायला गेले. कोन जमेना.
गवळी ओरडला, "मॅडम, फेस बसला की! पिताय का नुस्तं बघताय?"
"पैसे दिलेत. ओतून देईन नाही तर."
"द्या की. पर सरांनी न्हाय ओतलं कधी."
प्यायले. कोमट होतं. एवढंच.

१० नोव्हें.
शोध लागला. रिक्षातून न उतरता, एका फेरीत आठवडाभराचे फोटो निघतात. रोज एक पाठवायचा. मीनल खूश: "आई, तुझी नजर बदलतेय गं." मी तेव्हा रिक्षावाल्याशी भांडत होते.

१३ नोव्हें.
पकडले गेले. साठ्यातला चप्पल गल्लीचा पाठवला, भरगच्च गर्दीचा. लगेच फोन. "आई, आज कोल्हापूर बंद आहे ना? बातम्यांत दाखवतायत."
पेपर उघडला नव्हता. खिडकीसुद्धा.
"शनिवारी येतेय," म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता.

१५ नोव्हें.
मीनल आली. मी भांडायच्या तयारीत. इंग्रजीत दोन वाक्यं घोटून ठेवलेली. ती भांडलीच नाही. जेवली, ताट उचललं, बाथरूममध्ये गेली, नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी बंद करेना. पाण्याखाली दुसरा आवाज.
दाराबाहेर उभी राहिले. आता तरी माझ्या आत काही हलेल म्हणून वाट बघितली. नाही हललं. पण तिथून निघालेही नाही.

१६ नोव्हें.
सकाळी तिचे डोळे सुजलेले. भांगात पांढरे केस. कधी झाले एवढे? बाप तिचाही गेला. हे मी पाच महिन्यांत एकदाही...
"काय बघतेस?"
"काही नाही. चहा घे."
"मग? येतेस माझ्याबरोबर?"
दुपारी सांगते म्हटलं. दुपार झाली. आतल्या खोलीत ती बॅग भरतेय. तिची की माझी, विचारलं नाही.