कातळखोल गाडीचं भारमान

३ जाने. २००१
डेपोत नोटीस लागली. मी कंडक्टर असलेली कातळखोल वस्तीची गाडी तपासणीखाली. भारमान फार कमी म्हणे. सोमवारपासून आठवडाभर एस.टी.च्या ट्रॅफिक खात्याचा माणूस गाडीत बसून डोकी मोजणार. आकडा बरा आला तर गाडी राहील, नाहीतर १ मार्चपासून बंद. ग्रामपंचायतीलाही पत्र गेलंय.
माणसं कमी असतात हे खरंच. सकाळी गावातून निघताना निम्मी बाकडी रिकामी. पण जी असतात त्यांना दुसरी गाडी नाही. काशीवहिनीची मासळीची टोपली सीटवर बसत नाही, म्हणून ती भारमानात नाही. तिच्यावर घर जेवतं.

८ जाने.
आज गाडीत उभं राहायला जागा नाही! इब्राहिमचाचा बोटीवरून रिटायर झाल्यापासून गाव सोडत नाहीत, ते सुनांसकट हजर. म्हाताऱ्या लग्नातल्या पातळांत. एकीला विचारलं, रत्नागिरीत काय काम काढलंत?
“काम कसला? तुमच्या गाडीत बसायचा, ताच काम.”
चाचांनी एक तिकीट जास्त मागितलं. दुबईच्या मुलाचं. “तो असता तर बसला नसता काय?” म्हटलं, चाचा, माणूस दाखवा, तिकीट घ्या.
ट्रॅफिकवाले साहेब कोल्हापूरकडून नुकते बदलून आलेले. मागे चेंगरून लिहीत होते. “ही गाडी बंद करायला निघालेत होय?” मलाच विचारू लागले. हसू दाबताना माझी पुरेवाट. स्टँडवर उतरून सगळ्यांनी चहा ढोसला, संध्याकाळी परत.

१३ जाने.
आठवडा संपला. रोज फुल्ल. वाडीवार पाळ्या लावल्या होत्या म्हणे, पदरचे पैसे घालून. काशीवहिनीने टोपली टपावर चढवली, माणसांना जागा हवी म्हणून. “आता कोण गाडीला हात लावतो ता बघू, मास्तर.”
फार बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत गाडीवर असा जीव टाकलेला पाहिला नव्हता.

२९ जाने.
डेपो मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. गाडी वाचली, पेढा मिळणार, अशा थाटात गेलो. टेबलावर माझी सहा महिन्यांची वे-बिलं, रोजच्या तिकिटांचा हिशेब; शेजारी त्या आठवड्याची.
“आमचा माणूस गाडीत असला की गाडी भरलेली. तो उतरला की रिकामी. एरवीच्या तिकिटांचे पैसे जातात कुठे?”
म्हटलं, साहेब, चेकिंगला कधी एक तिकीट कमी सापडलंय का? तर म्हणे, त्या आडरस्त्याला चेकिंग जातं कधी!
चार्जशीट. सुनावणी १२ तारखेला. सिद्ध झालं तर बडतर्फ.

३० जाने.
बायकोला, सुमनला सांगितलं. आधी रडली, मग म्हणाली, खरं काय ते सांगून मोकळे व्हा. खरं सांगितलं तर गाडी बंद. नाही सांगितलं तर मी चोर. आणि सांगितलं तरी मानणार कोण? अख्खं गाव तिकीट काढून नुसतं चहा प्यायला रत्नागिरीला आलं, हे मला कोणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो.
राग येतो. कोणाचा, ते कळत नाही. गावाचा तर येतच नाही, हीच पंचाईत.

५ फेब्रु.
ड्रायव्हर कदमांच्या तोंडात तीळ भिजत नाही. गावात कळलं. रात्री गाडीसोबत गावात वस्तीला, शाळेच्या पडवीत पथारी टाकतोय तोच चाचा आणि काशीवहिनी दारात.
चाचा म्हणाले, “आमी जातो सायबाकडं. सांगतो, आमीच खोटी बसलो.”
मग गाडी? विचारलं. चाचा दाढी कुरवाळत बसले.
वहिनी म्हणाली, “तुमाला चोर ठरवून गाडी ऱ्हायली, तर तिच्यात टोपली ठेवायला माझा हात धजायचा नाय.” मग खाली बघत: “पण गाडी गेली तर बाजारात जाऊ कशी, ता पण तुमीच सांगा.”


८ फेब्रु.
लेखी खुलासा. चार ओळी लिहिल्या, फाडल्या. युनियनवाल्याकडे गेलो. म्हणाला, आकडे तुझ्या विरुद्ध, त्यांना कोण समजावणार. वर माझ्याच पैशाने वडा खाल्ला.

१२ फेब्रु., कँटीन
सकाळी गाडी काढायला गेलो तर अख्खं गाव उभं. साक्षीला. नको म्हणून हात जोडले. ऐकतंय कोण! चढले. गाडी रिकामी जाते हे सांगायला निघालेल्या माणसांनी गाडी खच्चून भरली. तिकिटं तर फाडायलाच हवीत. फाडली. आजचं वे-बिलही फुल्ल.
वाटभर भांडण. पुढचे म्हणत, खरं सांगायचं, मास्तर वाचला पाहिजे. मागचे म्हणत, त्या आठवड्यात गावात लग्नं होती असं ठोकायचं, म्हणजे मास्तरही वाचला, गाडीही. म्हणजे एरवी रिकामीच, त्यानेही गाडी जातेच; मी तिकिटं फाडत राहिलो. स्टँड आलं तरी एकमत नाही.
सगळे केबिनबाहेर बसलेत. अकराची सुनावणी जेवणानंतर ढकलली. डे.मॅ.नी आजचं वे-बिल आत मागवून घेतलंय.
काशीवहिनी आत्ता येऊन गेली. “मास्तर, एकच सांगा. आत काय बोलू?”
गाडी राहू दे, असं म्हणायचं होतं. मला वाचवा, असंही म्हणायचं होतं.
चहा घ्या, म्हटलं.