पहार कोणी धरली?

मंगळवार, सकाळ
मावशीचं घर

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार. मी बरी आहे, जेवते वेळेवर. मावशी रोज एकदा तरी म्हणते, "पदवी घेतलीस, पण उंची काही वाढली नाही हो!" आणि स्वतःच खो खो हसते. उंच माणसांच्या विद्यापीठात तीन वर्षं बाकावर पाय लोंबकळत काढलेत, त्यामुळे मला ते लागत नाही.

तुमचा निरोप मिळाला. वेशीच्या कमानीवरचा मजकूर बदल, नाहीतर घरी येऊ नकोस.

मजकूर बदलणार नाही, बाबा.

पंचांनी हे काम मला दिलं ते शिकलेली म्हणून. 'आपल्या बुटक्यांचा मूळपुरुष घणबाबा याने एकट्याने डोंगर फोडला', एवढंच कोरायचं होतं. पण छिन्नी लावण्याआधी मी त्याच्या पहिल्या बोगद्यात गेले आणि सुरुंगाच्या भोकांत बोटं घालून पाहिली. सगळी गोल आहेत.

तुम्हीच शिकवलंत ना, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, नाहीतर भोक वेडंवाकडं होतं आणि पहार अडकते. घणबाबाचा घण सभागृहात आहे. तो दोन्ही हातांशिवाय हलतसुद्धा नाही. मग पहार कोणी फिरवली? मी पंचांना हेच विचारलं.

"अगं, देवमाणूस तो," लोहारकाका म्हणाले. "दातात धरली असेल!"

सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि माझ्याकडे न बघता उठून गेलात.

म्हणून मी कोरलं: 'घणबाबाने घण मारला. पहार दुसऱ्या कोणीतरी धरली. ते नाव आपण जपलं नाही.' ती बाई होती की पुरुष, मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी कोरलेलं नाही.

यात घणबाबा लहान होत नाही. अडचण त्याची नाहीच, आपली आहे. त्याच्यासारखं एकट्याने बोगदा फोडला की बोगद्याच्या तोंडाशी फोडणाऱ्याचं नाव लागतं. आजवर लागलेल्या प्रत्येक नावामागे घरातलं कोणीतरी पहार धरून बसलं होतं. सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कोणी नाही.

मीही बोलले नाही. आईची दोन बोटं दरडीखाली गेली असं मीसुद्धा अकरा वर्षं सांगत आले. त्या दिवशी मी डबा घेऊन आले होते, बाबा. मी पाहिलं. तुमचा घाव चुकला. त्याचा मला राग नाही, हात कोणाचाही चुकतो. पण खरं सांगितलं असतं तर पहार आईने धरली होती हेही सांगावं लागलं असतं, आणि तुमचं नाव लागलं नसतं. ते लागलं. आई अजून पाहुण्यांसमोर हात पाठीमागे धरते.

कमानीवरचा तो दगड काढून टाकायचं ठरलंय म्हणे. खुशाल काढा. पण मी तो शिसं ओतून बसवलाय. भोकं पाडल्याशिवाय निघायचा नाही, आणि पहार धरायला कोणीतरी लागेलच. काल आई इथे मावशीकडे आली होती, तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, "मी नाही धरणार. सांग त्यांना."

म्हणून सांगते आहे.

तुमचीच मुलगी,
वेशीच्या कमानीची पाथरवट