भोंग्याच्या बायकोचं वाक्य

४ फेब्रुवारी
'भोंग्या' बाजारात आला. आपली पहिली विनोदी कादंबरी. इतका उद्धट, हावरट आणि स्वतःच्या ढेकरावर खूश असलेला नायक आजवर कुणी लिहिला नसेल. पहिली प्रत बायकोला दिली. आजच्या आज वाचून मत दे म्हटलं. ही काहीतरी म्हणाली. आपण तेव्हा फोनवर होतो.

९ फेब्रुवारी
ही बहिणीकडे राहायला गेली. बहिणीचा गुडघा. जाताना पुस्तक बरोबर नेलंय, म्हणजे आवडलेलं दिसतंय. ठराव: ही परत येईपर्यंत पहाटे उठून 'भोंग्या भाग दोन' लिहायचा. रोज.

१० फेब्रुवारी, सकाळी अकरा
उठलो.

१५ फेब्रुवारी
वाचक नुसते तुटून पडलेत. एक बस ड्रायव्हर म्हणाला, भोंग्या म्हणजे आमचा डेपो मॅनेजर. एका शिक्षिकेचा मेल आला की हे तर आमचे सासरे. एकाने लिहिलं, वाचताना इतका संताप आला की पुस्तक भिंतीवर फेकलं, मग उचलून पुढे वाचलं. याला म्हणतात लेखन! ज्याला त्याला भोंग्या शेजारच्या खुर्चीत दिसतो. आतली गोष्ट कुणालाच माहीत नाही: भोंग्या म्हणजे आपला साडू, ज्याच्याकडे ही सध्या राहते आहे. तेच पोट, त्याच बढाया.

१८ फेब्रुवारी
साडूचाच फोन. हसून हसून त्याला धाप लागली होती. हुबेहूब उतरलाय म्हणाला, ग्लासवर चमचा वाजवून पाणी मागतो ते तर अगदी डिट्टो. माणूस इतका बेअक्कल असावा? स्वतःला ओळखलं नाही! हिला फोन द्या म्हटलं, तर कामात आहे म्हणाला. गुडघा बराच दुखत असणार.

२० फेब्रुवारी
जेवताना ग्लासवर चमचा वाजवला. थोडा वेळ थांबलो. मग उठून पाणी घेतलं. भाग दोन: एक ओळ. खोडली.

२३ फेब्रुवारी, दुपार
आज चमचा वाजवला नव्हता. तरी स्वयंपाकघरातून आवाज आला. टण, टण. जाऊन पाहिलं तर ओटा कोरडा ठणठणीत. वरच्या मजल्यावर प्लंबरचं काम चालू असेल. पण अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलायचं.

२८ फेब्रुवारी
वाचनालयात कार्यक्रम. आपण भोंग्याच्या आवाजात वाचलं. खूप सहज जमलं. लोक खुर्चीत वाकून हसत होते. शेवटी एक नर्स उठली. हसून पुरेवाट झाली म्हणाली, पण दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे हा माणूस स्वतःला कधी 'मी' म्हणतच नाही, सारखं 'आपण केलं', 'आपण गेलो', ते ऐकून डोकं उठतं. आपण मान डोलावली. आपल्यालाही तसं बोलणाऱ्यांची मनस्वी चीड आहे. दुसरी गोष्ट तिने जरा हळू विचारली.
"त्याची बायको पुस्तकभर एकदाही कशी बोलत नाही?"
आपण म्हणालो, अहो बाई, तोच तर विनोद आहे. ती 'अच्छा' म्हणाली आणि बसली. या वेळी कुणी हसलं नाही. माईक खराब असावा.

३ मार्च
घरात कुणीतरी आहे. भोंग्या असता तर हरकत नव्हती, तो खाकरतो, आदळआपट करतो, कळतं तरी. हे पाऊल न वाजवता फिरतं. आपण पेपर वाचत बसलो की खुर्चीमागे येऊन उभं राहतं. बोलायला तोंड उघडतं. आपण खोकलो की गप्प होतं. आज मुद्दाम खोकलो नाही, बराच वेळ. पण तेव्हा आलं नाही. आपण घाबरत नाही. फक्त दिवसाही दिवे चालू ठेवतो.

७ मार्च
प्रकाशकाचा फोन. दुसरी आवृत्ती निघते आहे! अट एकच. सगळे वाचक त्या नर्सचाच प्रश्न विचारतायत, तेव्हा बायकोला एक तरी वाक्य द्या. एक वाक्य म्हणजे आपल्या हातचा मळ. संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हटलं.

७ मार्च, संध्याकाळ
उद्या पाठवतो.

११ मार्च
साधी युक्ती सुचली. ही काय बोलते ते आठवायचं आणि लिहून टाकायचं. सकाळपासून आठवतोय. ही दारात उभी आहे, तोंड उघडलंय, इथपर्यंत येतं. त्यापुढे आपलंच बोलणं. हिचे वडील गेले तेव्हा ही रात्री उशाशी बसून खूप वेळ बोलत होती. आपण काय म्हणालो ते शब्दशः आठवतं: 'दिवा बंद कर.' हिचं काहीच आठवत नाही. इतक्या वर्षांचा संसार आणि एक वाक्य नाही? भीती वाटली. त्या खुर्चीमागच्या भीतीपेक्षा ही वेगळी होती, आणि जास्त होती.

१२ मार्च
हिला फोन लावला. उचलला! वही-पेन तयार ठेवलं होतं. म्हटलं, काहीतरी बोल. लगेच पुढे म्हटलं, गुडघा बरा झाला असेल, आता घरी यायला हवंस. आपलं पुस्तक जोरात चाललंय, आपण इकडे मजेत आहोत, तरी पण. मग ही बोलली. आवाज चढवला नाही.
"अहो, गुडघा केव्हाच बरा झाला. लग्न झाल्यापासून तुमचं 'आपण, आपण' ऐकते आहे. त्यात मी कधी होते का?"
शब्दन् शब्द उतरवून घेतला. मान वर केली तेव्हा फोन बंद झाला होता. वाक्य मात्र फक्कड आहे. गुडघ्याचं काढून टाकलं, शेवटी 'असं म्हणून ती घरातून गेली' एवढं जोडलं आणि प्रकाशकाला पाठवून दिलं.

१३ मार्च
प्रकाशक खूश. सुचलं कसं, विचारत होता. सुचतं, म्हटलं. ठराव: आवृत्ती आली की पहिली प्रत हिला. आपलं वाक्य छापलेलं पाहून येईलच. कोण येणार नाही?

१६ एप्रिल
प्रत पाठवून बरेच दिवस झाले. पोस्टाचा कारभार.

२० एप्रिल
दुसऱ्या आवृत्तीचा कार्यक्रम. हॉल भरलेला. सुरुवातीपासून हशा. मग ते वाक्य आलं. भोंग्याचा आवाज सोडून बायकोचा आवाज काढायचा होता. तो काढता काढता अडखळलो, मग साध्याच आवाजात पूर्ण केलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला आणि त्याने विचारलं, "मग ती परत आली का?"
पुस्तकात ते लिहिलेलं नाही, असं सांगता आलं असतं. सगळे वाट बघत होते.
"नाही," मी म्हणालो.
लोक उठले, खुर्च्या सरकल्या, आणि वाचनालयाच्या बाईंनी माईक बंद केला.