थिरथिऱ्याला हाक मारू नये

मी, कुलदीप खुशालराव गावंडे, वय सव्वीस, राहणार सध्या शेंदूरजनाघाट, तालुका वरुड, जिल्हा अमरावती, आज पूर्ण शुद्धीत, दारू न घेता, कोणाही माणसाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या वस्तू पुढीलप्रमाणे द्याव्यात. दडपण पाखराचं आहे, ते वेगळं.

१. गोदाबाई काकूंनी मला दिलेला संत्र्याचा बगीचा आणि त्यातलं घर माझी बहीण रूपाली, राहणार अकोला, हिला द्यावं. काकूंना मूलबाळ नव्हतं आणि मी कुठंच टिकत नव्हतो, म्हणून त्यांनी मला बगीच्याला बांधून टाकलं. तरी मी सेमाडोहला पळालोच. तिथं जंगल सफारीच्या जिप्सीवर कामाला होतो. वाघ एकदाच दिसला, तोही पाठमोरा. असो.

२. अट अशी, की आश्विनात थिरथिरे येतात त्यांना हाकलू नये. चिमणीएवढं काळं पाखरू, पोट तांबडं, शेपटी सारखी थरथरते. प्रत्येकाची जागा ठरलेली. केशवराव काका वारले त्या हिवाळ्यात एक नवा आला आणि पंपाच्या खोलीच्या ओट्यावर, काका उकिडवे बसायचे तिथंच बसू लागला. रूपालीचे मालक कुंदन भाऊजी म्हणतात, "जाळी टाकून द्या, झंझटच नाई." भाऊजी, जाळी टाकायची नाही. तुम्हाला माझा फवारणीचा पंप आणि सगळे पाने दिले, तेवढ्यावर भागवा.

३. काकूंनी जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही. "अवो, आयकलं का" एवढंच. मागच्या कार्तिकात ओसरीवर बसल्या बसल्या पंपाच्या खोलीकडं पाहून पहिल्यांदाच म्हणाल्या, "केशवराव, या न घरात." पाखरू आलं. कोनाड्यात बसलं. मी हसलो. त्याच आठवड्यात काकू गेल्या.

४. यंदा काकूंची आली. तपकिरी, मादीच. तुळशीपाशी बसते. ते ठीक. पण आणखी एक आला आणि माझ्या गाडीच्या आरशावर बसला. घरात दुसरं कोणी वारलेलं नाही. मी गाडी काढून मूर्तिजापूरला माझा मित्र शिवम याच्याकडं गेलो. सकाळी तिथंही आरशावर तोच. वापस आलो.

काल निंदणाला आलेल्या जाईबाईंनी त्याला पाहिलं.

"हा कोनाचा रे?"

"पाहुणा असंल, मावशी."

"कायचा पाहुना! तुह्यावानीच हाये, एका जागी बूड टेकत नाई." आणि हसत त्यालाच म्हणाल्या, "ये कुलदीप, ये न घरात, चा पे!"

तो माझ्या खांद्यावरून दारातून आत गेला आणि त्याच कोनाड्यात बसला. जाईबाईंनी पदर तोंडात धरला. त्यांच्यावर कोणी राग धरू नये, त्यांनी गंमत केली.

५. गाडी शिवमला द्यावी. आरसे काढून.

६. फाल्गुनात पाखरं परततात. तोवर मी असलो, तर हा कागद मीच फाडीन. नसलो, तर रूपाली, बाळाला घेऊन बगीच्यात राहायला ये. तुले लय वाटंल, भावाले आवाज द्यावा. देऊ नको. नाव घेऊन बोलावलेलं पाखरू घरात आलं, का घरातलं माणूस जातं. बाळालेही माझं नाव शिकवू नको. मी बाहेरूनच पाहीन त्याले.

ठिकाण: शेंदूरजनाघाट
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: कुलदीप खु. गावंडे

साक्षीदार:
नत्थुजी ठाकरे, शेजारी (सही)
जाईबाई धुर्वे (अंगठा. घरात यायला तयार नव्हत्या, कागद फाटकाबाहेर नेला.)